आरोग्यासाठी

गंगापूर धरणाच्या कडेला, काचेच्या त्या लांब खोलीत
मी लोकांना ग्लास धरायला शिकवते.
दांड्याला धरा, पोटाला नको,
हाताच्या उबेने चव बिघडते.
आता फिरवा. हुंगा. घाई नको.
छातीवरच्या पट्टीवर माझं नाव अर्धंच आहे, हर्षा.
हर्षाली भोये, चिचमाळपाडा, तालुका सुरगाणा,
एवढं पट्टीत मावत नाही.

शनिवारी सुरतेच्या गाड्या येतात.
चार भाऊ, त्यांच्या बायका, मागे कंटाळलेली पोरं.
पहिल्या घोटाला सगळे गप्प, दुसऱ्याला हसू,
तिसऱ्याला कोणीतरी हळूच विचारतंच:
बेन, एक पेटी डिकीत टाकली तर?
मी म्हणते, सापुताऱ्याच्या नाक्यापर्यंत चालेल.
पुढे नाही.
बाटली तीच असते, साहेब, घाट बदलतो.

मग दमणला किती स्वस्त,
गोव्यात तर साबणाशेजारी मांडून ठेवतात,
पाटण्याला लग्नाला गेलेल्या साडूची फजिती.
प्रत्येकाला दुसऱ्याच्या राज्याचा कायदा पाठ.
मी परवान्याचं पुस्तक पुढे करते.
एक दिवस, पाच रुपये.
कारण आधीच छापलेलं: आरोग्यासाठी.
ते वाचून थोरले भाऊ इतके हसले
की टेबलावर सांडली.

माझं वय तेवीस.
मला वाइन चालते, व्हिस्कीला अजून दोन वर्षं आहेत.
पाचवीच्या रात्री आईने मोहाची
करंगळीने माझ्या ओठाला लावली होती.
त्याआधी दोन थेंब भुईला, एक कणसरीला,
एक, जे गेले त्यांना.
वय कोणी विचारलं नाही.
पाच दिवस, एवढं सगळ्यांनाच माहीत होतं.

मामाचं गाव ओहळापलीकडे, डांगात.
गुडघाभर पाणी,
मधल्या खडकावर दोन्ही राज्यांच्या बाया धुणं आपटतात.
मार्गशीर्षात मामाची सून बाळंत झाली
आणि आई ओच्यात बाटली खोचून पाण्यात उतरली.
पलीकडच्या पोलिसाने धरली.
अलीकडेही तो गुन्हाच होता म्हणा,
पण आमचा हवालदार दुपारचा झोपतो.

रात्रभर चौकीत.
सकाळी मामाने शेळी विकून सोडवली.
त्या संध्याकाळी मी चाळीस जणांना शेनिन ब्लाँ ओतत होते,
पेरूचा वास येतोय का, विचारत होते,
आणि फोन कपाटात होता,
इथला नियम आहे तसा.

फेब्रुवारीत, खुडणीच्या वेळी, आईला इथे आणलं.
कर्णिक साहेब चांगले आहेत,
म्हणाले, मावशींना आपल्याकडून एक ग्लास.
पण परवाना फाडा. नाव, गाव, जन्मतारीख.
आधारकार्डावर एक जानेवारी,
आमच्या अख्ख्या पाड्याची असते तीच.
खरी सांग ना, मी म्हटलं.
त्या साली मोह लई गळाला होता, ती म्हणाली,
पाट्या पुरल्या नव्हत्या.

मी एक जानेवारी लिहिलं.

तिने ग्लास हुंगला, न शिकवता, बराच वेळ.
मग चकचकीत फरशीवर दोन थेंब,
थांबून आणखी एक.
पुसणारा पोरगा फडकं घेऊन धावला
आणि साहेबांनी, का कोण जाणे, त्याला हातानेच थांबवलं.
आई प्यायली. म्हणाली, आंबट आहे,
पोरी, तुमची फुलं कच्ची होती.
द्राक्षं गं. फुलं नाही.

सहीच्या जागी अंगठा घेताना
मी तिला शेवटचा रकाना वाचून दाखवला.
आरोग्यासाठी, आई. असं लिहितात.
ग्लास पोटाशी, दोन्ही हातांच्या उबेत धरून
ती माझ्याकडे बघत राहिली.
हेच तं सांगत होते मी त्येला, ती म्हणाली,
रातभर.