इंटरव्हलच्या आधी

खानापूरच्या टॉकीजात माझं कँटीन आहे.
इंटरव्हलच्या आधी पंचवीस मिनिटं
मला कढईकडं जावं लागतं.
म्हणून उडणारी माणसं मी पाहिली
ती फक्त जन्मताना.

माझ्या देखत अकरा वेळा बाप मेलाय.
कधी गल्लीत, कधी विमानात,
एकदा तर नुसता छत्री उघडताना.
आई दोनदा. एक काका, फार चांगला माणूस,
मला वाटलं होतं ह्याला तरी ठेवतील.
मग पोरगं गच्चीवर जातं, हात बघतं,
आरशात बघतं, पुन्हा हात बघतं.
तेल तापलेलं असतं. मी उठतो.

पुढं त्यानं कुणाला वाचवलं
ते मला भज्यांच्या कागदावरून कळतं:
फार चुरगळला असेल
तर मारामारी बरी झाली.

नट बदलला की बाप परत जिवंत,
परत मरायला.

आमच्यात एवढा वेळ कोण देतो?
होनगेकर म्हटलं की होनगा आला,
मुतगेकर म्हटलं की मुतगा.
झाली कथा, चहा सांगा.
खरं कचेरीत अजून विचारतात,
मूळ गाव? आजा कुठला? कागद कुठल्या भाषेतला?
तिथं मीही पहिल्यापासून सांगतो,
दर बदलीला, नव्या साहेबाला.

गेल्या शनिवारी
पोरगं कठड्यावर उभं, पहिलीच उडी,
आणि करंट गेला.
शिट्ट्या. शिव्या, दोन्ही भाषांत.
लाइनमन भरमाणी आला, पायात स्लीपर.
त्या काढल्या, नीट जोडीनं ठेवल्या,
आणि वाऱ्यात डुलणाऱ्या खांबावर चढला
दातात पक्कड धरून.
खाली मी टॉर्च घेऊन, मान दुखेपर्यंत.
बारा मिनिटांनी
स्टेशन रोड एकदम पिवळा झाला.

उतरल्यावर विचारलं,
भरमाणी, तू ह्या कामात कसा आलास रे?
"अर्ज घातलो. लागलो."

मिरचीची दोन भजी दिली, पैसे घेतले नाहीत.

आत मशीन पहिल्यापासून सुरू झालं होतं.
पडद्यावर बाप गाडीची किल्ली शोधत होता,
खिशातच होती, हसत होता.
भरमाणी दारात थांबला, तोंडात भजं.
"हा मरणार बघ," मी म्हटलं.
"गप की," तो म्हणाला,
"बघू दे."