सातवा रकाना

वरातीमागून घोडं म्हणतात ना, ते माझं काम:
वर्ष सरल्यावर जायचं आणि विचारायचं,
काय बदललं?

एरी सरोवर अजून गोठलेलं. लोरेनमधल्या
पोलादाच्या भट्ट्या विझून इतकी वर्षं झाली
की इथल्या पोरांना ती धुराडी टेकड्यांसारखी वाटतात,
पहिल्यापासूनच तिथे असलेली.
माझे वडील तिथेच, तिसऱ्या पाळीला. असो.

चर्चच्या तळघरात आम्ही नऊजण.
भिंतीवर तीन वर्षांपूर्वीचा आराखडा:
चौकटी, चौकटींतून निघालेले बाण,
आणि शेवटी ठळक अक्षरांत ‘न्याय्य पाणीव्यवस्था’.
एका बाणाचा चिकटपट्टीशी काडीमोड झालाय,
तो आता खाली रेडिएटरकडे बोट दाखवतो.

कोलंबसहून आलेल्या सल्लागाराने काढला होता तो.
उंटावरून शेळ्या हाकल्या त्याने, हे खरं,
पण शेळ्या आमच्याच, आणि उंटही
आम्हीच त्याला भाड्याने आणून दिला होता.

ठरलं होतं: पाणी तोडण्याच्या नोटिसा
चाळीस टक्क्यांनी कमी.
झाल्या सहा टक्क्यांनी. त्यातले दोन
हिवाळा सौम्य गेला, गॅसचं बिल उतरलं, म्हणून असतील.
हे मी वाचून दाखवलं तेव्हा खजिनदार डेझ्शो म्हणाला,
‘अगं मार्गिट, निदान हवेला तरी श्रेय देऊ नकोस.’

निधी देणाऱ्यांचा तक्ता सहा रकान्यांचा.
सहाही मी भरले, प्रामाणिकपणे,
रिकाम्या घरात
खोलीखोलीतून दिवे लावत जावं तसे.

मग इडालिया बेटानकोर्ट बोलली.
एकतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात होती ती;
बोलणं कमी, मोजणं फार.
‘होर्वाथ आता फोन करतो,’ म्हणाली.

कोण होर्वाथ?
पाणीखात्यातला. खिडकी क्रमांक दोन.
त्याची सही झाली की नळ तोडायला गाडी निघते.
आधी सही करायचा, पेन खिशात, मग जेवणाचा डबा.
आता सहीआधी फोन लावतो:
‘घरात तान्हं बाळ आहे का? डायलिसिसवर कुणी?
शुक्रवारपर्यंत जमेल थोडंफार?’

त्याला सांगितलं कुणी? कुणीच नाही.
आमच्या आराखड्यात तो आहे? नाही.
इडालिया दर मंगळवारी कुणा ना कुणाबरोबर
त्या खिडकीसमोर जाऊन उभी राहायची, एवढंच.
तिथे बाक नाही, म्हणून उभी. चौदा महिने.
एकदा त्याने विचारलं, ‘तुम्ही वकील का?’
‘नाही रे. तुझ्या पोरीच्या ताटात
दुपारचा मका मीच वाढायचे.’

मग हे आमच्यामुळे झालं का?
कुणी म्हणालं, गेल्या वर्षी त्याची बहीण वारली,
तिचाही नळ तोडलेला होता.
दोन्ही असेल. तिसरंही काही असेल.
सरोवरावरचा बर्फ कुठल्या दिवशीच्या उन्हाने फुटला
हे इथले जुने मासेमारही छातीठोक सांगत नाहीत.

‘आणि तो जूनमध्ये निवृत्त होतोय,’
इडालियाने पर्स बंद करता करता सांगितलं.

तळघर गप्प. कॉफीचं यंत्र तेवढं खोकलं.
डेझ्शो उठला, लोंबणारा बाण त्याने उपटून काढला.
वाटलं, फेकणार. त्याने तो उलटा केला
आणि पाठीवर लिहिलं:
होर्वाथनंतर खिडकीत कोण?
फोनचा नियम कागदावर आहे का? नसेल तर कुणाला गाठायचं?
जूनच्या आत.
पुढच्या वर्षाचं नियोजन ते एवढंच,
त्यातलं निम्मं अक्षर त्याचं त्यालाही लागेना.

अहवाल मी पाठवला. सहा रकाने,
आणि उजवीकडच्या समासात, जिथे काही लिहायचं नसतं,
पट्टी न घेता एक रेघ ओढून सातवा:
‘इडालिया उभी राहिली.’

आठवड्याने उलट विचारणा आली: याला पुरावा काय?
लिहिलं, मंगळवारी या. सकाळी नऊला.
जाड तळव्यांचे बूट घाला,
फरशी फार गार असते.