काजळी कुठल्या बाजूला वाहते

व्हॅन नाइसच्या गोदामात, घरघरत्या पंख्याखाली
आम्ही विमानं फोडायचो.
खोक्यातली. प्लास्टिकची. डझनाच्या भावाने आणलेली.
बॉम्बरचं नाक, रणगाड्याची चाकं,
कुठल्याशा युद्धनौकेची डोलकाठी,
सगळं एका परातीत, भाजी निवडावी तसं.
रात्रीपर्यंत त्यातून एक यान उभं राहायचं
वीतभर,
कुठल्याच आकाशात कधी न उडालेलं.

आर्डिस म्हणायची, पोकळीत पंख कशाला?
हवाच नाही तर ते धरणार काय?
आणि तरी पंख चिकटवायची,
मागे वळलेले, जेटसारखे,
कारण पंखांवाचून
बघणाऱ्याच्या पोटात गोळा येत नाही.

माझं काम मळवायचं.
नव्या कोऱ्या यानावर पेन्सिलीची पूड,
ब्लेडने उडवलेला रंग, नळीमागे काजळीचा ओघळ,
दृष्ट लागू नये म्हणून
गालबोट लावावं तसा.

एका गुरुवारी तिचा मामा आला,
ऑर्व्हल टीग, बेकर्सफील्डहून, बसने.
टोपी हातात. चहा नको म्हणाला. कॉफीही नको.
टेबलाभोवती एक फेरी मारली
आणि यानाच्या तोंडाशी थांबून
काचा मोजायला लागला.
पुटपुटत. बोट न लावता.

‘ही आमचीच आहे,’ म्हणाला.
‘ही तिसरी गळायची.’

आर्डिसने मान खाली घातली.
नाक तिने त्याच्याच बॉम्बरचं उचललं होतं,
त्याला न विचारता.

मग तो वाकला. फार खाली वाकला.
यानाच्या पोटाला काचेचा एक गोळा होता,
आत मुगाएवढा तोफची,
गुडघे हनुवटीला टेकवून बसवलेला.
‘याला दार कुठाय?’

कुणी बोललं नाही. पंखा तेवढा.

‘आमची छत्री वर टांगलेली असायची,
आत मावायची नाही ना.
अडीच फूट.
लायमनचा गोळा अडकला त्या दिवशी
मी वरून त्याची छत्री हातात घेऊन बसलो होतो.’

एवढंच. पुढचं सांगितलं नाही.
माझ्याकडे वळून म्हणाला, पोरा,
काजळी मागे वाहते ती वाऱ्याने.
तिथे वारा असतो?
नसतो, म्हणालो. पुसू का?
त्याने बराच विचार केला.
‘राहू दे.
कुठून तरी परत आलंय, एवढं तरी कळेल.’

तो गेल्यावर आर्डिसने
सर्वांत बारीक ब्लेड घेतलं,
गोळ्याच्या पाठीवर केसाएवढी रेघ कोरली,
चौकोनी,
आणि सुईची टोकं मोडून दोन बिजागऱ्या.
सकाळ झाली त्यात.
चित्रीकरण डाव्या बाजूनेच झालं.
कॅमेरा त्या दाराकडे गेला नाही.

पुढच्या मे महिन्यात ती त्याला थिएटरात घेऊन गेली.
दुसऱ्या लढाईत यान फुटलं.
पोरांनी शिट्ट्या मारल्या, मक्याच्या लाह्या उधळल्या,
पोकळीत ऐकू येऊ नये असा
केवढा तरी आवाज झाला.

मामा खुर्चीत पुढे सरकला होता,
आर्डिसने मला नंतर सांगितलं,
मान तिरकी करून
ज्वाळांच्या खाली बघत होता,
पडद्याच्या काठाशी, जिथे काहीच नव्हतं,
छत्री उघडते का.