मेमोची ओळ

आधी मी चेक लिहायचो.
पाच तारखेच्या आत, स्वयंपाकघरातल्या
एका पायाखाली पुठ्ठा सारलेल्या टेबलावर.
चेकच्या खाली डाव्या कोपऱ्यात
एक बारीक ओळ असते, पैसे कशाचे ते लिहायला.
तिथे लिहायचो: सेन्याचे बर्फातले बूट.
लिहायचो: क्लॅरिनेटचं निम्मं भाडं.
एकदा लिहिलं: पुढचा दात पडला त्याबद्दल.
बँकेत कोणी वाचत नसावं.
ग्वेनने वाचलं. फोन करून म्हणाली,
"चेकवर पत्रं लिहू नकोस, आर्लो."

मग लोखंडाला गिऱ्हाईक उरलं नाही.
फेब्रुवारीत, उणे तीसमध्ये,
खाणीने आम्हा तीनशे जणांना घरी बसवलं.
पगार थांबला, कोर्टाचा आकडा थांबला नाही.
तो जुन्या पगाराचा होता,
ओव्हरटाइमच्या सगळ्या रात्री धरून काढलेला.
आकडा कमी करा असा अर्ज
त्याच आठवड्यात द्यायला हवा होता.
मी दिला आठव्या महिन्यात.
का, ते मला आजही नीट सांगता येत नाही.
वाटलं, खाण उघडेल.
वाटलं, पोटची पोर परवडत नाही
असं कागदावर सही करून कसं द्यायचं.

"अर्जाच्या आधीचं माफ होत नाही,"
काचेमागची बाई म्हणाली, आवाज न चढवता.
तिच्या टेबलावर तिच्या मुलांचा फोटो होता,
माझ्याकडे पाठ करून.
नंतर पत्र आलं: थकबाकी भरा,
नाहीतर गाडीचा परवाना जाईल.
खाण घरापासून एकतीस मैलांवर.

आता परस्पर कापतात.
पगाराच्या चिठ्ठीवर, युनियनची वर्गणी
आणि डोळ्यांचा विमा यांच्या मधे,
एक लांबलचक नंबर, पुढे रक्कम.
मेमोची ओळ नाही.

कपडे बदलायच्या खोलीत डेलमार म्हणतो,
तिची नखं बघ, तुझ्या पैशांची आहेत.
मी गप्प बसतो. पण ग्वेनच्या नवऱ्याच्या
पिकअपची नवी टायरं दिसली तेव्हा
चार टायरांचा हिशेब मीही केला होता मनात.
सेन्या मागच्या सीटवरून बॅग काढत होती,
आणि मी टायरं मोजत होतो.

एका रविवारी तिने निळं जाकीट घातलं होतं.
"नवं?" मी विचारलं.
"हो, आईने घेतलं."
"छान आहे," म्हणालो,
आणि वायपर लावले.
काच कोरडीच होती.

जूनमध्ये ती अठराची झाली.
मी ऑफिसला फोन केला. चालू रक्कम संपली,
ते म्हणाले, थकबाकी मात्र राहील,
याच हप्त्याने, अजून सव्वीस महिने.
डेलमारने ऐकून शिवी दिली, माझ्या वतीने.
मला वाईट वाटायला हवं होतं.
पण घरी येताना, तळ्याकाठच्या वळणावर,
लक्षात आलं की मी शीळ घालतोय.
सव्वीस महिने अजून
माझ्या घामातलं काहीतरी तिच्या नावाने जाणार.
जाईल ग्वेनच्याच खात्यात, ते कळतं मला.
तरीही.

ती फार्गोला कॉलेजात आहे आता.
फोन कमी करते, आणि केला की घाईत असते.
चिठ्ठी आली की मी तिच्या मागे पेन्सिलीने लिहितो:
सप्टेंबर, पुस्तकं.
ऑक्टोबर, तिकडे वारा फार, हातमोजे.

हातमोजे खरेच पाठवले, वेगळे, पोस्टाने.
पावती ड्रॉवरमध्ये जपून ठेवली,
तारीख वर येईल अशी घडी घालून.
आता कोण मागणार आहे.