रिकामा रकाना

सिव्हिल लाइन्सच्या ऑफिसात
कूलर मुठीने वारा फेकत होता.
या ओढ्यापुढे ना पट्टी, ना नोंदवही.
म्हणून शेजारच्या नदीचे आकडे आणले,
वाटीभर साखर उसनी आणावी तसे,
पाणलोटाच्या मापाने वाटले.
मेअखेर : सेकंदाला ९.४२ लिटर.
दशांशाची दोन घरं
लाज झाकायला.

मग हिंगण्यापलीकडे गेलो.
कवडू बावणे पात्रात उभा,
जाळं खांद्यावर, कोरडं.
"मोजाले आले? उशीर केला, साहेब.
थो गोटा पाहा. त्याची पाठ वाळली का
आमी वरच्या डोहावर जातो.
वाळली नाही असं साल एकच,
माह्या यमूच्या लग्नाचं."

घळीतल्या धारेखाली बादली धरली.
दहा लिटर, चौदा सेकंद.
पुन्हा धरली. पंधरा.

शेजारीण खोटं बोलली नव्हती.
तिच्या पोटात भेगांचा खडक,
पाऊस जिरवून महिनोन्‌महिने पाझरणारा.
याच्या पोटात
काहीच साठत नाही.

आकडा खोडला. शेऱ्यात लिहिलं :
गोट्याची पाठ वाळली, सतरा मे.

वरिष्ठांनी कागद उलटसुलट केला.
म्हणाले, एकक?