पापुद्रा

नऊ वर्षांनी गुनवोरची माझी पुन्हा गाठ पडली,
तिच्या त्याच गाठीपायी.
बर्गन. खिडकीबाहेर फेरीबोटींचे भोंगे,
तिच्या डाव्या कानाला ते केव्हाच नाहीत.

मागच्या वेळी कान राखायचा म्हणून वळसा घेऊन शिरलो होतो.
आता राखायला काही नाही;
सरळ कानामागचं हाड कोरत,
तोलाच्या तिन्ही कमानी मोडत निघालो.
ड्रिलवर पाणी, पाण्यात हाडाचं पीठ.
जुना व्रण डिंकासारखा.
कागदावर लिहिलंय: निरुपद्रवी.

मग चेहऱ्याची नस,
ताणून ओल्या कागदासारखी पसरलेली.
गाठ कुठे संपते, हसू कुठे सुरू होतं,
डोळ्यांना कळत नाही.
ओठाच्या कोपऱ्यात सुया लावून
एल्डबियर्ग यंत्राशी बसलीय.
मी सोडवतो. टक्. टक्.
आणखी थोडं.
टकटकटकटक—
"थांबा," ती म्हणते.

थांबलो.
कांद्याच्या पापुद्र्याएवढं नसेवरच ठेवलं.
तरुणपणी नसतं ठेवलं.
खड्डा तिच्याच पोटाच्या चरबीनं बुजवला.

तिसऱ्या दिवशी तिच्या उजव्या हाताला बसतो.
"पुन्हा वाढेल?"
"वाढेलही."
ती हसते.
डावा कोपरा जरा उशिरा पोचतो.
मग पोटाच्या टाक्यांवरून
मला चांगलंच फैलावर घेते.