रकाना क्रमांक नऊ

संघटनेचा अर्ज अकरा पानी.
विशेष सन्माननीय फेलो, मानसोपचार.
मुदत महिनाअखेर, सायंकाळी पाचपर्यंत.
नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली,
नोंदणी क्रमांक पाठ आहे, तोही लिहिला.
मग वीज गेली.
सिंदेवाहीत वीज गेली की आधी
पंख्याची कुरकुर थांबते, मग आपली.

मेणबत्तीत वाचला रकाना नऊ:
आपल्या कार्याचे वेगळेपण. पाचशे शब्दांत. पुराव्यांसह.

ओपीडी मी मुद्दाम बाजाराच्या दिवशी ठेवली.
पिशवी घेऊन घरून निघता येतं,
परतताना वांगी असली
की गोळ्या वांग्यांखाली बसतात.
'मानसोपचार विभाग' ही पाटी
पहिल्याच वर्षी भिंतीकडे तोंड करून टांगली.
सात नंबरची खोली, एवढंच म्हणतात.
शेजारी डोळ्यांची खोली,
म्हणून निम्मी माणसं आत शिरताना
उगाच डोळे चोळतात.

याला वेगळेपण म्हणायचं का, सर?

सर नागपूरला असतात, शिफारसपत्र देतो म्हणाले.
"काहीतरी मोठं लिही, कौसल्या. आकडे टाक. शोधनिबंध किती?"
एक. सहलेखकांत चौथी.
आकडे म्हणाल तर रजिस्टरं एकोणीस.
सातव्याला वाळवी लागली,
त्यातली माणसं मात्र बहुतेक शाबूत आहेत.

बहुतेक.
हा शब्द खोडून पाहिला, कागद फाटायला आला.

रजिस्टर अकरा, अनुक्रमांक दोनशे सहा.
नाव लिहायचं नसतं.
तिची तारीख होती, आणि मी परिषदेला गेले होते,
वातानुकूलित सभागृह, गळ्यात निळी फीत,
दुपारच्या जेवणात तीन प्रकारची खीर.
सात नंबरला कुलूप पाहून ती बाजारातून परत गेली.
पुढच्या आठवड्यात फक्त तिचा भाऊ आला,
उरलेल्या गोळ्या परत करायला.
मोजून एकवीस.
त्या परिषदेचं प्रमाणपत्र
या अर्जाला जोडायचं आहे. परिशिष्ट क.

बाजारात मला कुणी ओळखत नाही,
तसं ठरलेलंच आहे आमचं.
मागच्या उन्हाळ्यात ज्याच्या हातून पाण्याचा पेला सुटायचा
तो लाखोळीची डाळ तोलून देतो,
नजर काट्यावर, हात स्थिर,
वर पासरीभर बोलतो पण माझ्याशी नाही.
एक म्हातारी तेवढी नियम पाळत नाही,
टोपल्यांच्या रांगेतून ओरडते,
"अवो बाई, मले इचारता दर खेपेले,
तुमाले तरी लागते का जी झोप?"
सगळा बाजार वळून बघतो.
मी कोथिंबीर निवडत राहते.

पुरावा म्हणून तिला जोडता आलं असतं.

रजिस्टर चौदामध्ये एक आहे, म्हणजे होता:
पायऱ्या, नोटा, पत्रावळीच्या काड्या,
काहीही चाळीसदा मोजल्याशिवाय
ज्याचं पाऊल पुढे पडत नसे.
त्याच्याबद्दल इथे याहून जास्त लिहिणार नाही.

अर्जाला फोटो हवा होता,
म्हणून बसस्टँडमागच्या स्टुडिओत गेले.
"हनुवटी खाली. चष्मा राहू द्या."
निळ्या पडद्यापुढे मी अशी बसले
जशी माझ्यासमोर लोक बसतात,
हात कुठे ठेवावे ते न कळून.
त्याने आठ फोटो कापले.
एकदा मोजले.
दुसऱ्यांदा बोट पहिल्या फोटोवर गेलं,
तिथेच जरा थांबलं,
बाहेर उमरेडची गाडी हॉर्न देत होती.
मग त्याने सगळे उचलून पाकिटात सरकवले.
"साठ रुपये," म्हणाला, माझ्याकडे न बघता.
मी दिले.

घरी येऊन पाकीट उघडलं. सात निघाले.

अर्जाला दोनच लागतात.